पाणी किती फुटांवर?

जुलैत राधानगरीच्या बाजूला पावसानं जोर धरला, की कोल्हापुरात घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : पाणी किती फुटांवर? दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोनवर विचारतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हे आकडे इथल्या तिसरी-चौथीतल्या मुलांना कुणी पाठ करून घेत नाही. सुतारवाड्यातल्या किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या मुलाला तर ते आपल्या घराच्या पायरीइतके ओळखीचे असतात, कारण त्या आकड्यांवर सामान माळ्यावर चढवायचं की नाही हे ठरतं. 2019च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, 2021च्या जुलैत 56 फुटांच्याही वर. त्या दोन्ही वर्षी ज्यांनी घर सोडलं, त्या मुलांचं फूट आणि इंच या मापांशी नातं आयुष्यभराचं जडलं आहे.

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी घरी काय शिकावं आणि कसं, हा या लेखाचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात या प्रश्नापासून करण्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात एका घरात चौथीतली मुलगी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर रोज सकाळची पाणीपातळी लिहीत होती. मोबाइलवर आलेल्या संदेशात एक दिवस 39.9 होतं, दुसऱ्या दिवशी 39.10. तिनं वडिलांना सांगितलं, “पप्पा, पाणी उतराय लागलं.” वडील म्हणाले, “अगं, एक इंच चढलंय की!” पोरगी ऐकेना. शाळेत नुकतंच दशांश चिन्हाची तोंडओळख झाली होती, आणि 39.10 म्हणजे 39.1, ते 39.9पेक्षा लहान, हे तिचं म्हणणं तिच्या पुस्तकाप्रमाणं शंभर टक्के बरोबर होतं. वडिलांचंही बरोबर होतं, कारण तो टिंब दशांशाचा नव्हताच. फूट आणि इंच वेगळे दाखवायला कुणीतरी सोयीनं दिलेला ठिपका होता तो. मग स्वयंपाकघरातली शिवणकामाची टेप आली, बारा इंच मोजले गेले, आणि 39 फूट 11 इंचांनंतर काय येईल हे तिनं स्वतः सांगितलं : चाळीस.

त्या दहा मिनिटांत जे घडलं, त्याला मी घरचं शिक्षण म्हणेन. घराला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आली, कागदावरची गोष्ट घरात तपासली गेली, आणि दोन्हीकडून जाणं-येणं करायला एक मोठं माणूस सोबत बसलं.

हे जाणं-येणं आपोआप होत नाही, याचा भक्कम पुरावा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. तो 2025च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये छापून आला. ही मुलं गिऱ्हाइकाला तोंडी हिशेब करून सुटे पैसे बिनचूक परत देत होती. तीच आकडेमोड पुस्तकी पद्धतीनं कागदावर मांडून दिली की अडखळत होती. उलट, केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांना कागदावरची गणितं येत होती, पण बाजारातला व्यवहार समोर आला की ती गोंधळत होती. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांबद्दल असंच निरीक्षण 1985मध्ये प्रसिद्ध झालं होतं. कपिलतीर्थ मंडईत आईशेजारी बसून कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी मुलगी आणि राजारामपुरीतल्या सदनिकेत सराव-वह्या भरणारा मुलगा, दोघांच्याही शिक्षणात अर्धी बाजू रिकामी आहे. मंडईतल्या मुलीची रिकामी बाजू आपल्याला लगेच दिसते. सदनिकेतल्या मुलाची दिसत नाही, कारण त्याला गुण मिळतात.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया शेतकऱ्याला परवडणारा नव्हता, म्हणूनच तो ठेवला होता. घरची कामं, गुरं, धाकटी भावंडं यांच्यातून मुलाला सोडवून वर्गात आणणं हे त्या कायद्याचं काम होतं. हे विसरून ‘घर हीच खरी शाळा’ असं कुणी म्हणू लागलं, की मला भीती वाटते. कित्येक घरांत मुलांच्या वाट्याला, विशेषतः मुलींच्या वाट्याला, शिक्षणाच्या नावानं फक्त काम येऊ शकतं. भाकरी थापायला लावणं हा उपक्रम नव्हे. तव्यावरची भाकरी का फुगते, असं तिला विचारणं आणि तिच्या उत्तरासाठी थांबणं हा उपक्रम.

शाळेच्या बाजूनं घराकडे जाणारी वाट कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी घातली. ना. सी. फडके यांच्या या कन्येनं अध्यापक महाविद्यालयांत शिक्षक घडवण्यात नोकरीची वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतर, 1985मध्ये, सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. परिसर हेच पाठ्यपुस्तक, मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, बाजार, नदी, कारागीर यांच्यापर्यंत चालत जायचं, ही तिथली रीत. लीलाताई 2020मध्ये गेल्या. त्यांच्या कामाचं मोल शहरातल्या पुष्कळांनी ओळखलं, तरी पालकांच्या रोजच्या व्यवहारात ते फार मुरलं असं मात्र म्हणता येत नाही. कारण कोल्हापूरच्या शिक्षणाची दुसरी ओळख जास्त जोरकस आहे : शिष्यवृत्ती.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत या जिल्ह्यातली मुलं सातत्यानं झळकतात, त्यात जिल्हा परिषदेच्या खेड्यापाड्यांतल्या शाळाही असतात, आणि त्यामागं शिक्षकांनी पहाटे आणि रात्री घेतलेले जादा तास असतात. या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. भुदरगडच्या किंवा कागलच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला या परीक्षेनं पहिल्यांदा सांगितलं की तू हुशार आहेस. तरीही त्याची किंमत घरांनी मोजली आहे. घरी अभ्यास म्हणजे सराव-प्रश्नपत्रिका, असं समीकरण होऊन बसलं. चार पर्यायांतला एक गोल काळा करायची सवय लागलेल्या मुलाला पर्याय नसलेला प्रश्न विचारला की ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं.

गृहपाठाबद्दलचं सरकारी धोरण खरं तर बरंच उदार आहे. 2020च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. हे किती पालकांना माहीत आहे? आणि माहीत असलेल्यांपैकी किती जण शाळेकडे ‘अजून द्या’ असा आग्रह धरतात? अनेक शिक्षक सांगतात की वही कोरी परत आली तर पालकच विचारायला येतात.

मग 2020चा मार्च आला आणि शाळांना कुलूप लागलं. शाहू महाराजांनी घरातून बाहेर काढलेलं शिक्षण एका आठवड्यात परत घरात येऊन बसलं. त्या वर्षात जे चांगलं झालं त्यातलं एक म्हणजे सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं तयार केलेली ही मालिका 20 जुलै 2020 रोजी सुरू झाली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, एकूण 480. तिच्यात पाठ्यपुस्तकातला धडा घरातल्या वस्तूंपाशी आणला होता. मोबाइल नसलेल्या, पण टीव्ही असलेल्या घरांपर्यंत ती पोहोचू शकत होती, आणि आई-बाप मुलांसोबत बसून पाहू शकत होते. नंतर 2022मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान आलं. गल्लीतल्या पाच-सहा आयांचा माता पालक गट, त्यांच्यातली एक लीडर माता, आठवड्याला व्हॉट्सॲपवर एक आयडिया व्हिडिओ, आणि त्यात डाळ-कडधान्यांचं वर्गीकरण, चपलांच्या जोड्या लावणं, भांड्यांची लहान-मोठी उतरंड असले खेळ. खर्च शून्य. कल्पना चांगली आहे, आणि जिथं आयांना एकत्र बसायला जागा आणि वेळ मिळाला तिथं ती रुजली. या गटाच्या नावातच फक्त ‘माता’ आहे याची मात्र मला खंत वाटते. बाप कुठे आहेत? टेपनं इंच मोजून दाखवणारे वडील अपवाद म्हणून सांगावे लागतात, हे काही ठीक नाही.

वस्तू कुठून आणायच्या, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. बाजारात ‘शैक्षणिक संच’ मिळतात, रंगीत असतात, महाग असतात. इथल्या कितीतरी जुन्या घरांत, माळ्यावर किंवा कोठीच्या कोपऱ्यात, अजून मापं पडलेली आहेत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट. चिपट्यानं पायली भरायला किती वेळा ओतावं लागेल, असं मुलाला विचारा. बहुतेक मुलं आठ म्हणतात, कारण ती पायऱ्या मोजून त्यांची बेरीज करतात. ओतून पाहिलं की सोळा निघतात. त्या आठ आणि सोळाच्या फरकात गुणाकार आहे, पुढच्या इयत्तांचा घातांकही आहे, आणि उलट दिशेनं आलं की अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग असा सगळा अपूर्णांक आहे. नंतर पायलीभर आजरा घनसाळ तांदूळ आणि पायलीभर चुरमुरे घेऊन किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. माप तेच, वजन वेगळं. पुस्तकात ‘धारकता’ आणि ‘वस्तुमान’ हे दोन धडे वेगळे येतात. पोरगं इथं काट्याकडे बघून स्वतःच कपाळाला आठ्या घालतं. ती आठी पडली की आपण गप्प बसायचं. उत्तर सांगायची घाई पालकांना फार असते.

परिसर अभ्यासासाठी कोल्हापूरच्या मुलांइतकी भाग्यवान मुलं थोडी असतील, कारण त्यांच्या गावात सूर्य वर्षातून दोनदा परीक्षेला बसल्यासारखा ठरल्या तारखेला हजर होतो. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला आणि 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. परंपरेनं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. ढग, हवेतलं बाष्प, वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे काही वर्षी ती अर्ध्यावरच अडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची बातमी असते. ही बातमी घरातलं प्रत्येक मूल ऐकतं. त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो : याच तारखा का? कॅलेंडर काढा आणि दिवस मोजा. 10 नोव्हेंबरपासून 22 डिसेंबर 42 दिवस पुढं आहे. 22 डिसेंबरपासून 1 फेब्रुवारी 41 दिवस पुढं. 22 डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सर्वांत दक्षिणेकडे मावळतो. जाताना तो ज्या जागेवरून गेला, परत येताना जवळपास तेवढ्याच दिवसांनी त्याच जागेवर येतो. ज्या कुणी हे देऊळ बांधलं त्यांनी क्षितिजावरची ही जागा नक्की हेरली होती.

घरात हे करून पाहायला पश्चिमेची एक खिडकी पुरते. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून तो खिडकीत घट्ट बसवायचा, आणि रोज संध्याकाळी सव्वापाचला समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका पडतो तिथं खडूनं खूण करून तारीख लिहायची. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं तर पहिल्या आठवड्यात फारसं काही घडल्यासारखं वाटत नाही, आणि मुलं कंटाळतात. त्यांना कंटाळू द्यावं, पण खूण करायची चुकवू नये. पंधरवड्यानं मागं वळून पाहिलं की खुणा उत्तरेकडे सरकत गेलेल्या दिसतात. सूर्य दक्षिणेकडे, ठिपका उत्तरेकडे. हे उलटं का, यावर मुलं भांडतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खुणा एकमेकींच्या अंगावर चढू लागतात, इतकं सरकणं मंदावतं, आणि नंतर त्या परतीला लागतात. उत्तरायण आणि दक्षिणायन यांची व्याख्या घोकून जे कळत नाही ते या भिंतीवर दिसतं. भिंत खराब होते हे खरं. त्यावर जुनी चादर ताणून लावता येते.

मूल घरी जे सर्वांत जीव लावून करतं, ते मात्र आपण कधी शिक्षणात धरतच नाही. किल्ला. पन्हाळ्याच्या छायेत राहणाऱ्या या शहरात दिवाळीच्या आधी आठवडाभर पेठापेठांतली पोरं मातीत कोपरापर्यंत बुडालेली असतात. माती, दगड, पोतं, विटांचे तुकडे, वरून भुरभुरलेले हळीव किंवा मोहरी, कुंभाराकडून आणलेले मावळे. अलीकडे तयार किल्ले विकायला असतात. ते घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शुक्रवार पेठेतल्या एका अंगणात दोन भावंडांचा किल्ला होत आला होता. आजोबा पायरीवर बसले होते. धाकट्यानं दरवाज्यात मावळा उभा केला आणि त्याच्या लक्षात आलं.

“आबा, ह्यो आत कसा जाणार? दारापेक्षा ह्योच उंच हाय की!”

“वाकून जाईल,” ताई म्हणाली.

“रोज वाकून जाईल व्हय? आन् घोडा?”

आजोबा म्हणाले, “मग काय करायचं सांगा बघू.”

दार मोठं करायचं ठरलं. किती मोठं? मावळा करंगळीएवढा, म्हणून दार दीड करंगळ्या. पण मग बुरूज ठेंगणा दिसायला लागला. बुरूज वाढवला तर तट पुरेना. तास-दीड तास मोडतोड चालली, आणि शेवटी ताईनं नवा हिशेब काढला : किल्ला मोठा करण्यापेक्षा मावळे छोटे आणायचे. नकाशाचं प्रमाण हा विषय पुढं भूगोलात त्यांना भेटेल तेव्हा ही दोघं तो ओळखतील.

मग आजोबांनी दुसरा खडा टाकला. “वेढा पडला तर खाणार काय?” पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा 1660च्या मार्चपासून जुलैपर्यंत होता, हे दोघांनाही गोष्टीतून ठाऊक होतं, बाजीप्रभू ठाऊक होते, घोडखिंड ठाऊक होती. पण त्या चार महिन्यांत गडावरची माणसं रोज काय खात होती, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पन्हाळ्याची सहल आठवली. अंबारखाना, गंगा-यमुना-सरस्वती ही धान्याची तीन कोठारं, अंधारबावेचं पाणी. त्यांच्या किल्ल्यावर तोफा पाच होत्या आणि विहीर एकही नव्हती. संध्याकाळी काड्यापेटीची तीन कोठारं झाली आणि नारळाच्या करवंटीची बाव पुरली गेली. इतिहासाच्या पुस्तकात लढाई असते. भात आणि पाणी मुलांना असं शोधावं लागतं.

भाषेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण करायला सगळ्यांत सोपं तेच आहे आणि टाळलं जातं तेही तेच. वरच्या संवादातली मुलं जशी बोलत होती तसंच त्यांना आधी लिहू द्यावं. इथल्या मुली घरात ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, आणि वहीत तसं लिहिलं की लाल रेघ येते. पहिल्या मजकुरावर रेघ ओढू नये. आजीनं सांगितलेली पुराची गोष्ट, आजीच्याच तोंडच्या शब्दांत मुलानं उतरून घ्यावी, मग ती पुस्तकी मराठीत पुन्हा लिहावी, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. दोन मराठी येणारं मूल एक मराठी येणाऱ्या मुलापेक्षा पुढं असतं. वाचनासाठी या शहरात 1850पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, घरोघरी जुने ‘किशोर’ आहेत. मुलाला रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस पुस्तकांच्या ढिगाहून मोलाचं आहे, आणि ते माणूस दमलेलं असलं तरी चालतं.

दमलेलं, म्हणताना इचलकरंजी डोळ्यांसमोर येते. यंत्रमागावर बारा तास उभा राहून आलेला बाप आणि घरी बसून कांड्या भरणारी आई, त्यांना अर्धा तास कुठून आणायला सांगायचा? उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या तोडणी मजुरांच्या मुलांना पश्चिमेची खिडकी नाही, भिंतही नाही. घरच्या शिक्षणाची सगळी भाषा स्वतःचं घर, थोडी उसंत आणि थोडी अक्षरओळख गृहीत धरते. म्हणून हे उपक्रम शाळेला पर्याय म्हणून कुणी मांडू लागलं तर त्याला विरोध केला पाहिजे. पटसंख्या कमी म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायची आणि पालकांना व्हिडिओ पाठवायचे, हा व्यवहार 1917च्या कायद्याच्या बरोबर उलटा आहे. पालातल्या मुलाकडेही ज्ञान आहे. एका मोळीत किती ऊस, एका गाडीत किती मोळ्या, कोणत्या कांड्याला जास्त साखर, हे त्याला येतं. ते कागदावर आणायला सोबत बसणारं माणूस त्याच्या बाबतीत शिक्षकच असणार, आणि तो शिक्षक त्याच्या फडापासून चालत जाण्याच्या अंतरावर असायला हवा.

शिक्षकांकडे एक मागणं आहे. सुट्टी लागताना शुद्धलेखनाची पन्नास पानं देण्याऐवजी एवढंच सांगावं, की घरातली एक गोष्ट मोजून, विचारून किंवा करून पाहा आणि तिची नोंद आणा. मुलं आणतात. शंकरपाळी कातताना चौकोन तिरका का होतो हे कुणी लिहून आणतं, चटणीसाठी मिरची डंकावर कुटायला दिली तेव्हा आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन वेगळं का भरलं हे कुणी. अडचण पुढं येते. शाळा उघडते, अभ्यासक्रम मागं पडलेला असतो, आणि ते कागद कपाटात जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले दोन तास या कागदांसाठी वेळापत्रकात आधीच राखून ठेवायला मुख्याध्यापकांची सही पुरते. त्यासाठी कुठल्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. त्या दोन तासांत एकाच्या आजीनं शंकरपाळीसाठी घातलेली साखर आणि दुसऱ्याच्या आईनं घातलेली साखर फळ्यावर शेजारी लिहिली जाते, आणि कुणाची जास्त गोड हे चव न घेता कसं सांगायचं, यावर वर्ग कामाला लागतो.